कावळा शिवला नाही, पण वचन तर दिलं. आता ते पाळायचं कुणासाठी?

कोलशेतकर

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. विषय घरचा आहे पण मला वाटतं तो फक्त घरचा नाही, श्रद्धा म्हणजे काय, शब्द म्हणजे काय असं बरंच त्यात आलंय, म्हणून मांडतोय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

मे महिन्यात बाबा गेले. वय ७९. ठाण्याला चरईतल्या जुन्या चाळीत ते आणि त्यांची मोठी बहीण असे दोघंच राहायचे. बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का ८३ वर्षांची आहे, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही, मग माहेरी येऊन शिकली, शिक्षिका झाली, म्युनिसिपालिटीच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. मला आणि धाकट्या भावाला पाढे तिने शिकवले. आई नोकरी करायची, त्यामुळे शाळेतून आल्यावर दार उघडणारी आक्काच.

मी देव मानत नाही. कुणाशी भांडून वगैरे नाही, कॉलेजनंतर हळूहळू सुटलंच ते. भाऊ पुण्याला असतो, तो मनापासून मानतो. दिवसकार्य सगळं रीतसर करायचं हे त्याला हवं होतं आणि मलाही वाटलं की ठीक आहे, बाबांनाही हेच आवडलं असतं.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. सकाळी साडेआठला पिंड ठेवले, बाजूला पत्रावळीवर बाबांना आवडायचं म्हणून अळूचं फदफदं आणि एक बेसनाचा लाडू. समोर विजेच्या तारेवर सात-आठ कावळे बसलेले, मान वाकडी करून बघतायत, खाली एक येत नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. शेजारी दुसऱ्या कुटुंबाचं चाललं होतं, त्यांचा ठेवल्याठेवल्या शिवला. आम्ही हात जोडून उभे. मग सुरू झालं, दादांचा जीव कशात अडकलाय. मामा म्हणाले नातीच्या दहावीत, म्हणून मुलीने पुढे होऊन सांगितलं आजोबा मी अभ्यास करीन. भाऊ म्हणाला बाबा गावच्या घराची डागडुजी मी करतो. मी म्हटलं तुमची पुस्तकं टाकणार नाही. काही नाही. आणि काय बोलायचं राहिलंय ते तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. आक्का मागे पिंपळाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर बाबांचा चष्मा घेऊन, आणि आमच्यातला एकही माणूस मान वळवून तिच्याकडे बघत नव्हता.

मी मोठ्याने बोललो, "बाबा, आक्काला मी माझ्या घरी नेतो. शेवटपर्यंत मी बघेन."

कावळा आला नाही.

आणखी पंधरा मिनिटं थांबलो, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

आता चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, दसऱ्यापर्यंत खोल्या रिकाम्या करायच्यात. आमचं कोलशेतला टू बीएचके, ईएमआय चालू आहे. भाऊ म्हणतो कर्जतच्या बाजूला एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय, खर्च निम्मा निम्मा करू. मी म्हटलं अरे मी शब्द दिलाय. तर तो म्हणाला, आणि तो वाईट माणूस नाही, अगदी शांतपणे म्हणाला, "कावळा शिवला का? नाही ना. म्हणजे बाबांनी तो शब्द घेतलाच नाही. तू मोकळा आहेस."

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये. तो श्रद्धावान, त्याच्या श्रद्धेप्रमाणे मी मोकळा. मी न मानणारा, माझ्या हिशोबाने बाबा तिथे नव्हतेच आणि कावळा हा कावळा, मग मी नक्की कुणाशी बोललो? आणि कुणाशीच बोललो नसेन तर मला इतकं बांधल्यासारखं का वाटतंय?

गावदेवी_मैदान

तुमच्या दुःखात सहभागी आहे. आमच्या आजीच्या वेळी पण शिवला नव्हता, माझी आई आज वीस वर्षांनी पण मधेच म्हणते की आईचं काय राहिलं होतं गं. हे माणसाला आयुष्यभर पुरतं. लिहीत राहा.

पाणथळ

मी पक्षी बघणारा माणूस आहे, ऐरोली, भांडुप पंपिंग, खाडीचा सगळा पट्टा गेली काही वर्षं फिरतोय. श्रद्धेबद्दल मला बोलायचं नाही, फक्त कावळ्याबद्दल सांगतो, कारण गावदेवी यांच्या आईंसारखी माणसं वीस वर्षं मनात ठेवतात त्याचं वाईट वाटतं.

आपल्याकडे दोन कावळे, राखाडी मानेचा गावकावळा आणि पूर्ण काळा जाड चोचीचा डोमकावळा. घाटावर येतात ते बहुतेक गावकावळे. त्यांचा मे महिना म्हणजे घरट्याचा, पिल्लांचा काळ, वर कोकिळेवर लक्ष ठेवायचं, ती त्यांच्याच घरट्यात अंडी घालते. कावळा नवीन वस्तूला बिचकतो, एखादी छत्री, वेगळ्या रंगाची पिशवी, चकाकणारा डबा पुरतो त्याला. माणसांचे चेहरे पण लक्षात ठेवतो, अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले होते, नंतर कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे आरडाओरडा करायचे. घाटावर पहाटेपासून पिंड असतात, साडेआठपर्यंत त्यांची पोटं भरलेली असतात. गर्दी हात जोडून अगदी जवळ उभी असेल तर भुकेला असला तरी तो उतरत नाही. शेजारच्यांचा लगेच शिवला म्हणता, ते लोक थोडे लांब उभे होते का, आठवून बघा.

कोलशेतकर

@पाणथळ, हो, ते चारच जण होते आणि मागे भिंतीपाशी उभे होते. आम्ही तीसेक माणसं गोल करून. हे वाचून खरंच थोडं हलकं वाटलं.

याज्ञिक_नौपाडा

मी गेली २२ वर्षं ही कार्यं करतो. आधी एक स्पष्ट करतो, दर्भाचा कावळा लावला की विधी पूर्ण होतो, त्यात कमीपणा काही नाही, बाबांचं काही राहिलं असं मनात आणू नका. आणि तुमच्या भावाने जो अर्थ काढला तो मी तरी कुठे शिकलो नाही. कावळ्याला काहीतरी कबूल करायचं ही लोकांची रूढी आहे, पोथीतला मंत्र नाही. कावळा शिवणं म्हणजे वचनावर सही नव्हे आणि न शिवणं म्हणजे वचन परत नव्हे.

पण रूढी आहे म्हणून ती हलकी असं मी म्हणणार नाही. त्या पंधरा-वीस मिनिटांत लोक जे बोलतात ते मी इतकी वर्षं ऐकतोय. दारू सोडतो. बहिणीचा हिस्सा देतो. थोरल्याशी बोलणं सुरू करतो. जी गोष्ट घरात चार भिंतींआड कुणी काढत नाही ती तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने निघते. जीव कशात अडकलाय हे विचारतात गेलेल्या माणसाबद्दल पण उत्तर येतं ते जिवंत माणसांच्या मनातलं. मला वाईट याचंच वाटतं की वर्षश्राद्धाला त्याच घरी जातो, तेव्हा त्या बोललेल्याबद्दल एक शब्द निघत नाही. मी विचारू शकत नाही, तो माझा अधिकार नाही. तुम्ही तीन महिन्यांतच विचारताय, म्हणून लिहावंसं वाटलं.

घोडबंदर_जॅम

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. दहाव्या दिवशी माणूस झोपलेला नसतो, जेवलेला नसतो, तीस नातेवाईक बघत असतात. त्या अवस्थेत बँकेने सही घेतली असती तर आपण त्याला फसवणूक म्हटलं असतं. मग स्वतःच्या शब्दाला वेगळा न्याय का? टू बीएचके, ईएमआय, दहावीतली मुलगी, हे सगळं पण खरंच आहे. चांगल्या वृद्धाश्रमात ठेवणं म्हणजे टाकणं नाही. माझे वडील स्वतःहून गेले आणि तिथे त्यांना बुद्धिबळाला माणसं मिळाली.

वाशी_सेक्टर_१५

मी सगळे प्रतिसाद वाचले, दोनदा वाचले. कावळा झाला, शास्त्र झालं, बँक झाली. एक माणूस अजून कुणाच्याच तोंडी आलेलं नाही.

माझ्या नवऱ्याने पण वचन दिलं होतं. सासूबाईंना, आयसीयूच्या बाहेर स्ट्रेचरवर, "आई तुला मी कुठेही पाठवणार नाही." सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे. मला नंतर कळलं कारण मी तेव्हा खाली पार्किंगमध्ये गाडी लावत होते.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं होत्या, डावी बाजू गेलेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. रात्री पण. बारा, दोन, चार, सहा. मी सहा वर्षं अलार्म लावून झोपले. नवरा चांगला आहे, औषधं तो आणायचा, डॉक्टर तो करायचा, पैसे कधी कमी पडू दिले नाहीत. पण रात्री दोनला उठणारी मी होते, डायपर बदलणारी मी होते, आया सुट्टीवर गेली की माझी सुट्टी टाकायची. नंतर नोकरीच सोडली. आणि सासूबाई गेल्यावर सगळे म्हणाले त्याने आईला दिलेला शब्द पाळला हो.

मला सासूबाईंबद्दल कटुता नाही, शेवटी शेवटी त्या फक्त माझा हात ओळखायच्या, तसं मला कुणी ओळखलेलं नाही. पण कोलशेतकर, तुम्ही एवढं छान लिहिलंय, बाबा, भाऊ, आक्का, मामा, मुलगी, पत्रावळीवरचा लाडूसुद्धा आहे त्यात. तुमची बायको त्यात नाही. तुम्ही शब्द दिलात तेव्हा ती कुठे उभी होती?

कोलशेतकर

माझ्या शेजारी उभी होती. मी तिला विचारलं नव्हतं. आधी नाही, नंतरही नाही. आज दोन दिवस इथे लिहायचं होतं पण तुमचा प्रतिसाद वाचून हात चालत नव्हता. आज रात्री बोलतो तिच्याशी.

चेंदणी_कोळीवाडा

मला एक कळत नाही, हे घरातलं सगळं असं चव्हाट्यावर मांडायची काय गरज आहे? भाऊ काय म्हणाला, बायको कुठे उभी होती. आमच्या वेळी असे प्रश्न घरातली जाणती माणसं बसून सोडवायची. ते आक्का वाचतील उद्या, त्यांना काय वाटेल. श्रद्धा ही तर अजूनच खासगी गोष्ट, तिच्यावर परक्या लोकांनी मतं द्यायची म्हणजे मला तरी पटत नाही.

जुनी_पानं

@चेंदणी_कोळीवाडा, तुमची काळजी खरी आहे, नावं कुणी देऊ नयेत हे मलाही वाटतं. पण श्रद्धेवर चारचौघांत बोलायचं नाही हा काही आपला जुना रिवाज नाही, उलट आपल्या भागात त्याचा मोठा इतिहास आहे आणि तो मला फार जवळचा आहे म्हणून सांगतो.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली, दादोबा पांडुरंग वगैरे मंडळी. जातिभेद मानायचा नाही असं त्यांचं म्हणणं. पण सगळं गुप्त. बंद खोलीत जमायचं, परजातीच्या माणसाच्या हातचा पाव खायचा, आणि बाहेर येऊन नेहमीसारखं सोवळ्यात वागायचं. हेतू चांगला होता, माणसंही मोठी होती. मग १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचा कागदच चोरीला गेला, आता नावं फुटणार या धास्तीने सभा विसकटली. बंद दाराआड मानलेलं तत्त्व उजेडाच्या नुसत्या भीतीने मोडलं. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज निघाला, त्यात दादोबांचे सख्खे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग होते, पण तो उघड होता आणि म्हणून टिकला.

आणि याच्या मधलं वर्ष बघा, १८५७. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माच्या बाजूने बोलणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद चालायचे, देव कसा, पाप म्हणजे काय, मोक्ष कुणाला. लोक वाळूत उभं राहून ऐकायचे. कुणी कुणाचं मत बदललं असं फारसं दिसत नाही. पण आपण जे मानतो ते न मानणाऱ्यासमोर उभं राहून सांगायचं म्हटलं की आधी आपल्यालाच ते नीट कळावं लागतं. घरातली जाणती माणसं बसून सोडवायची म्हणता, तर त्या बैठकीत आक्कांसारख्या बाईला कधी बसवलं जायचं का हो?

चेंदणी_कोळीवाडा

नाही बसवायचे. माझ्या मोठ्या आत्याला नाही बसवलं. हे मात्र खरं आहे.

दिघा_लोकल

मी बौद्ध आहे, आमच्याकडे पिंड नाही, कावळा नाही. बावीस प्रतिज्ञांमधली सहावीच आहे, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. त्यामुळे हा धागा आपला नाही असं वाटून पुढे जाणार होते. पण वचन कुणाला दिलं, समोर देव नसेल तर शब्दाला बांधतं कोण, हा प्रश्न तर आमच्या घरात अगदी रोजचा आहे.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घेतली, तिथेच लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. माझे आजोबा तिथे नव्हते, मिलमध्ये होते, सुट्टी मिळाली नाही. दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबर आला. सात तारखेला दादरला अंत्ययात्रेला गेलेल्या गर्दीत तिथेच हजारो लोकांनी दीक्षा घेतली, त्यात आजोबा होते. म्हणजे ज्यांच्या शब्दाखातर घेतली ते समोर चितेवर, ऐकायला नाहीत. वर देव आहे असं मानायचं नाही. साक्षीला कोण, तर आजूबाजूची रडणारी माणसं आणि आपण स्वतः. आजोबा ८८ वर्षांचे होऊन गेले. पाचव्या शीलासाठी म्हणून मिलमधल्या मित्रांबरोबरची दारू त्या दिवशी सुटली ती कायमची. कुणी विचारलं कोण बघतंय तर म्हणायचे, मी बघतोय की.

आपल्या राज्यघटनेत पण शपथेला दोन वाटा ठेवल्यात बघा, ईश्वरसाक्ष घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक घ्या. मंत्री कुठलीही घेवो, जबाबदारी त्याच्यावर तेवढीच येते. कोलशेतकर, तुमचं वचन दुसऱ्या प्रकारचं होतं इतकंच. समोर तीस माणसं होती, ती पुरेशी आहेत.

पण वाशीताईंनी जे विचारलं ते मी जास्त महत्त्वाचं मानते. प्रतिज्ञा स्वतःच्या वागण्याची असते. आजोबा म्हणाले मी पिणार नाही, माझी बायको पिणार नाही असं नाही म्हणाले. दुसऱ्याच्या श्रमाची प्रतिज्ञा आपण घेऊच शकत नाही.

शनवार_तेली

माझ्या नावावरून काहींना कळलं असेल, मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून. ठाण्यात टेंभी नाक्याकडे आमचं शार हशामाईम, १८७९ चं सिनेगॉग. घरची भाषा मराठीच.

वचन आणि नवस याबद्दल आमच्याकडे फार विचार झालाय. आम्ही नवस बोलतो तो एलियाहू हन्नाबीला, म्हणजे प्रेषित एलियाला, फेडताना मलिदा करायचा, भिजवलेले पोहे, नारळ, साखर, फळं, सगळ्यांना वाटायचा. कोकणात अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांचं ठिकाण आहे, तिथे जातो. माझ्या आईने माझ्या नोकरीसाठी बोललेला नवस तिच्या पश्चात मी फेडला, कारण बोललेलं तसंच ठेवायचं नाही.

पण वर्षातून एक रात्र अशी असते, योम किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा उपास सुरू होतो ती संध्याकाळ. तेव्हा कोल निद्रे म्हणतात. देवाला दिलेली वचनं, जी आपल्याला झेपली नाहीत, झेपणार नाहीत, त्यातून मोकळं कर असं ते मागणं. लहान असताना मला वाटायचं वा, म्हणजे सगळंच माफ. तेव्हा वडिलांनी समजावलं होतं ते आजही जसंच्या तसं आठवतं. हे फक्त देव आणि माणूस यांच्यातल्या वचनांना लागू आहे. माणसाने माणसाला दिलेल्या वचनातून देवही सोडवत नाही. ज्याला शब्द दिला त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणून त्या दिवसाच्या आधी आम्ही नातेवाइकांना, शेजाऱ्यांना भेटून माफी मागतो.

म्हणून मला तुमच्या भावाचं म्हणणं पटत नाही आणि तुमचं पण थोडं पटत नाही. तुम्ही दोघं शोधताय बाबांनी घेतला का, कावळ्याने घेतला का. शब्द बाबांच्या नावाने उच्चारलात पण दिलात आक्कांना. त्यातून मोकळं करणारं या जगात एकच माणूस आहे आणि ते चरईत राहतं.

कोलशेतकर

चार दिवसांनी लिहितोय.

आधी बायकोचं. रात्री मुलगी झोपल्यावर ओट्यापाशी बोललो. मी म्हटलं मी तुला विचारायला हवं होतं. ती भांडी विसळत होती, नळ बंद केला आणि म्हणाली, "दहाव्यापासून मी वाट बघतेय तू कधी विचारतोस." तिची ना नव्हती. तिला आक्का आवडते, बाळंतपणात आक्का सव्वा महिना आमच्याकडे येऊन राहिली होती. पण ती म्हणाली की घाटावर तू बोललास तेव्हा सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे नाही. त्यांना तेव्हाच कळलं होतं कोण बघणार ते. मी तिथे होतो आणि मला हे दिसलं नव्हतं.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. ऑफिस मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम देतं, तीन मागता येतील. सकाळचा चहा, नाश्ता, औषधं माझ्याकडे. अंघोळीला मदत लागली तर बाई लावायची, त्यात मी पडू शकत नाही आणि बायकोवर टाकायचं नाही. रात्री उठायचं असेल तर पाळी. वाशीताई, तुमचे बारा-दोन-चार-सहा मी तिला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली त्यांना माझा नमस्कार सांग.

आता आक्का. रविवारी सकाळी चरईत गेलो. ती मेथी निवडत बसली होती. आक्काशी खासगी काही बोलताच येत नाही, ऐकायचं मशीन कधी कधी शिट्टी मारतं म्हणून ती काढून ठेवते, मग मोठ्याने बोलावं लागतं आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जातं. मी म्हटलं आक्का मशीन लाव. तिने लावलं.

मी विचारलं, घाटावर मी बोललो ते तू ऐकलंस का?

ती म्हणाली, ऐकलं की. मशीन चालू होतं.

मग काही बोलली का नाहीस?

"तू त्याला सांगत होतास. मला कुठे कोणी विचारलं?"

मेथीच्या काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला, हात चालूच. मला काय बोलावं सुचेना. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "सोडवून घ्यायला आलायस की न्यायला?" मी म्हटलं विचारायला आलोय. तर म्हणाली बस मग, आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

तिचं म्हणणं सांगतो. भावाने बघितलेल्या वृद्धाश्रमाबद्दल तिला आधीच माहीत होतं, भावाच्या बायकोने फोनवर सांगितलं होतं, तिने तिथली माहिती पण काढली होती, वाईट नाही म्हणाली. पण तिला माणसांत राहायचंय, पोरीचं गणित घ्यायचंय. येईन म्हणाली पण पाहुणी म्हणून नाही. पेन्शन तिची, त्यातून महिन्याचा खर्च ती देणार आणि मी नाही म्हणायचं नाही. अंथरुणाला खिळली तर बाई तिच्या पैशातून, सुनेने नोकरी सोडायची नाही, हे तिने दोनदा म्हटलं. मी सांगितलं नव्हतं काही, तिला कळतं. गणपती चाळीत करून मग येणार कारण चाळीचा हा शेवटचा गणपती. आणि सहा महिन्यांनी परत असंच समोरासमोर बसून बोलायचं, तिला पटलं नाही तर ती आश्रमात जाईल आणि त्यावर कुणी रडायचं नाही.

निघताना मी तिला विचारलं की कावळा शिवला नाही त्याचं तुला काय वाटतं, कारण ती मानते, एकादशी, चतुर्थी सगळं करते. ती म्हणाली, "तुझ्या बाबाचा जीव माझ्यात अडकला असेल असं मला नाही वाटत रे. साठ वर्षं त्याने मला बघितलं आणि मी त्याला. आमचं काही राहिलं नव्हतं."

संध्याकाळी भावाला फोन केला. तो अजून म्हणतो की बाबांनी खूण दिली होती, पण दर महिन्याला पैसे पाठवणार आहे आणि दिवाळीत पंधरा दिवस आक्का पुण्याला. त्याच्या श्रद्धेवर मी काही बोललो नाही. त्याच्याकडे त्या खुणेशिवाय बाबांचं शेवटचं असं काहीच नाहीये, तो शेवटच्या दिवशी पोचू शकला नव्हता. हे मला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

वाशी_सेक्टर_१५

वहिनींना माझाही नमस्कार. पाळी कागदावर लिहून फ्रिजवर लावा, तोंडी ठेवू नका. आणि अंथरुणाला खिळल्यावर शोधायला गेलात तर चांगली बाई मिळत नाही, आत्तापासून दोन तास येणारी कुणीतरी ओळखीची करून ठेवा, आक्कांना पण सवय होईल.

घोडबंदर_जॅम

आक्कांनी आश्रमाची माहिती स्वतः काढली होती हे वाचून बरं वाटलं. माझं फसवणुकीचं म्हणणं मी मागे घेतो, त्या पूर्ण शुद्धीत ठरवतायत. बाथरूममध्ये धरायचे स्टीलचे दांडे बसवून घ्या, कमोडच्या बाजूला आणि शॉवरखाली, वडिलांसाठी केलं होतं, प्लंबर अर्ध्या दिवसात करतो.

कोलशेतकर

दोन्ही करतो, मनापासून आभार सगळ्यांचे.

@पाणथळ, तुम्हाला एक विचारायचं होतं. आक्का रोज जेवायच्या आधी गॅलरीच्या कठड्यावर भाताचा एक घास ठेवते कावळ्याला, गेली कित्येक वर्षं, वेळ ठरलेली, बाराला पाच कमी. तिने फक्त एवढंच विचारलं की तुमच्याकडे ठेवायला जागा आहे का. आम्ही अकराव्या मजल्यावर, बाल्कनीला कबुतरांची जाळी लावलेली. एवढ्या वर कावळे येतात का?

पाणथळ

येतात. कोलशेतला खाडी जवळ आहे, भरपूर आहेत. जाळी काढू नका, कबुतरं घुसतील. किचनच्या खिडकीबाहेर कट्टा असेल तर तिथे ठेवा, साध्या मातीच्या परळात, चकाकतं स्टील नको. वेळ आक्कांचीच ठेवा. पहिले काही दिवस कुणी येणार नाही, आले तरी समोरच्या इमारतीवरून नुसते बघतील. घास ठेवला की खिडकीपासून बाजूला व्हा.

कोलशेतकर

कट्टा आहे. परळ आणतो.